उजव्या बाजूचे टाके

३ जानेवारी

प्रिय मावशी,

पाकिटावरचं अक्षर बघून म्हणशील, झिपरीला सात वर्षांनी बरी आठवण झाली! आधी पोटभर शिव्या घाल, मग पुढे वाच.

माझं लग्न ठरलंय. बावीस फेब्रुवारीला. मुलगा इमारतींचे नकाशे काढतो, बोलायला बरा आहे, हसला की हिरड्या दिसतात. घर मोठं, आणि माणसं स्वतःला त्याहून मोठी समजणारी. सासूबाई फार बोलत नाहीत, नुसत्या बघतात. त्यांनी बघितलं की मला उगाचच वाटतं, माझ्या तोंडाला काहीतरी लागलंय.

खरी अडचण केसांची आहे. शालू त्यांच्याकडचा, अंगभर जर, नुसता हातावर घेऊन उभं राहिलं तरी मनगट भरून येतं. त्यावर मखमलीची ओढणी, काठाला चार बोटं रुंद तारेचं भरतकाम. त्यांच्या घरात चार पिढ्या प्रत्येक सून ती डोक्यावर घेऊन उभी राहिलीये, म्हणून मीही राहायचं. वजन तीन किलोच्या वर. गळ्यात घट्ट बसणारा हार, कानात खांद्यापर्यंत येणारे झुमके. आणि माझे केस! तू वेण्या घालायचीस तेव्हा रबर दोनदा फिरायचं. टायफॉईडनंतर ते चारदा फिरतं.

पार्लरची मुलगी म्हणते मोकळे सोडू, खाली कुरळे करू. मैत्रीण म्हणते खजुराची वेणी. आई म्हणते अंबाडा घाल आणि डोकं खाऊ नकोस. तू सांग ना, काय करू?

उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठव. तुला लिहितेय, हे आईला अजून सांगितलेलं नाही.

तुझी,
झिपरी


९ जानेवारी

झिपरे,

अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा. सात वर्षं! मी मेले की जगले, याची चौकशी नाही, आणि आता डोक्यावर तीन किलो पडल्यावर मावशी आठवली. असो. पत्र चार वेळा वाचलं. मुलाच्या हिरड्यांचं वाचून हसले.

माझं बरं चाललंय. सकाळी सात ते अकरा इस्पितळाच्या तळघरात, दुपारनंतर माझ्या दोन खुर्च्यांच्या दुकानात. खाली मेलेले, वर जिवंत. खरं सांगू, खालचे परवडले. मान हलवत नाहीत, ‘फक्त टोकं कापा’ म्हणत नाहीत.

तुझ्या आईनं तुला काय सांगितलंय, मला माहीत नाही, म्हणून एकदाच लिहून टाकते. आजी गेली तेव्हा तिच्या केसांचा नुसता गुंता झाला होता. महिनाभर अंथरुणाला खिळून होती ना. मी इस्पितळातच तिच्या उशाशी बसून तासभर ते सोडवले, विंचरले, तिला आवडायचा तसा अंबाडा घातला. तिथल्या मेट्रननं बघितलं आणि विचारलं, हे काम कराल का? मी हो म्हटलं. तुझी आई म्हणाली, ‘आईच्या मरणातून धंदा काढलास.’ त्यानंतर तिनं मला उंबरा ओलांडू दिलेला नाही. शाळेची चार वर्षं तू माझ्याकडे राहायचीस, रोज सकाळी माझ्या गुडघ्यांत डोकं धरून बसायचीस, ते सगळं त्या एका वाक्यात संपलं.

आता कामाचं. मोकळे केस विसर. त्या काठाच्या तारेत केस अडकतील आणि जेवायला बसेपर्यंत तुझं चिमणीचं घरटं होईल. खजुराची वेणी दाट केसांवर शोभते, तुझ्या केसांची उंदराची शेपटी होईल. मान तुझी आखूड (रागावू नकोस, आहे ती आहे), त्यात हार गळ्याशी घट्ट, म्हणजे मानेवर एक केस नको. अंबाडाच हवा, पण उंच नको, खाली लोंबणारा नको. कानाच्या पाळीपासून सरळ मागे रेघ मार, तिथे. भांग मधोमध. कपाळावर केस फुगवायचे नाहीत, ओढणी बसली की सगळे पापडासारखे चपटे होतात. झुमक्यांचा भार साखळीनं केसांत घ्यायचा, नाहीतर पाळ्या फाटतील. तुझं कपाळ छान आहे, ते दिसू दे.

मी कधी येऊ ते कळव. रजा आधी सांगावी लागते.

मावशी


२० जानेवारी

प्रिय मावशी,

तू म्हणालीस तसंच पार्लरमध्ये करून घेतलं. साध्या ओढणीवर झकास दिसलं. आई पण बघत राहिली. मग हट्टानं खरी ओढणी मागवून डोक्यावर घेतली, आणि दहा मिनिटांत सगळं मागे घसरलं. अंबाडा मानेवर आला, पिना टाळूत रुतल्या, माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. सासूबाई तिथेच बसल्या होत्या. एवढंच म्हणाल्या, ‘आमच्याकडे आजवर कुणाची पडली नाही.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी ती सगळ्यांसमोर पडली तर त्या घरात जन्मभर मी ‘ओढणी पाडलेली सून’.

काहीतरी युक्ती असेल ना? सविस्तर लिही, मी पार्लरच्या मुलीला वाचून दाखवते. तू एवढ्या लांब यायलाच हवंस असं नाही गं. प्रवास दमवणारा, तुझे गुडघे दुखतात, आणि लग्नघरात तुझ्याकडे बघणार कोण? तुझे हाल व्हायला नकोत.

तुझी,
झिपरी


२७ जानेवारी

झिपरे,

माझ्या गुडघ्यांची काळजी तुला कधीपासून लागली? सरळ लिही की आई नको म्हणते.

युक्ती आहे. पिनांनी तीन किलो पेलत नाहीत, विरळ केसांत तर नाहीच. केस शिवायचे. हो, सुईदोऱ्यानं. आधी डोक्यालगत बारीक वेण्या घट्ट घालायच्या, तो पाया. त्या वेण्यांना अंबाडा टाके घालून शिवायचा आणि ओढणी अंबाड्याला टाचायची, म्हणजे भार सगळ्या डोक्यावर सारखा वाटला जातो. वाकड्या सुईनं, केसांच्याच रंगाच्या दोऱ्यानं. दोऱ्याचं टोक मोकळं ठेवायचं. दुसऱ्या दिवशी ते ओढलं की सगळं सुटतं, पाच मिनिटांचं काम.

हे मला पार्लरनं नाही शिकवलं. आडव्या माणसाला मागून पिन लावता येत नाही, तेव्हा हात हे शिकले. म्हणून तुझ्या पार्लरच्या मुलीला पत्र वाचून दाखवण्यात काही अर्थ नाही. पहिल्याच टाक्याला टाळू टोचेल. मी आले तर ओढणी पडणार नाही. तू नाचलीस तरी पडणार नाही.

पण मी आले तर चोरासारखी येणार नाही. मला साडी नको, आहेर नको. लग्न लागताना मावशी म्हणून तुझ्या मागे उभी राहीन, आणि मग पंगतीत माझ्या बहिणीशेजारी जेवेन. सात वर्षांत मी दुसरं काही मागितलेलं नाही. जमत असेल तर लिही. जमत नसेल तर तेही लिही, मी मनाला लावून घेणार नाही. घेईन, पण तुला कळू देणार नाही.

मावशी


५ फेब्रुवारी

लाडक्या मावशी,

आई तयार झाली!!! मी दोन दिवस जेवले नाही, तेव्हा कुठे घोडं गंगेत न्हालं. ओढणीचं ऐकून तिलाही घाम फुटला होता म्हणा. तू ये. तुझी खुर्ची पहिल्या रांगेत, आईच्या शेजारी. मी स्वतः चिठ्ठी लावून ठेवते.

दोनच गोष्टी. हॉलच्या मागच्या दारानं ये, सकाळी सहाला. पुढच्या दाराशी तेव्हा सजावटवाले असतील, तुला अडखळायला होईल. आणि इस्पितळाचं कुणापाशी काढू नकोस हं. लोकांना काय, एकाचे दोन करून सांगतात. दुकानाचं बोल. दुकान तर खरंच आहे ना तुझं?

मी किती सुटले म्हणून सांगू! काल पहिल्यांदा नीट झोप लागली.

तुझीच,
झिपरी


१२ फेब्रुवारी

झिपरे,

मागच्या दारानं येईन. तळघरातही मागच्याच दारानं जाते, सवय आहे.

आजपासून दहा दिवस तिथली रजा घेतली. तुझ्या आईच्या मनात ‘त्याच हातांनी’ येईल, तर म्हटलं, हात दहा दिवस दुसऱ्या कशाला लावायचेच नाहीत. मेट्रन म्हणाली, बाई, एवढी रजा तुम्ही सात वर्षांत कधी घेतली नव्हती. मी सगळ्यांना सांगत सुटले, भाचीचं लग्न, भाचीचं लग्न. भाजीवालीलासुद्धा सांगितलं. करड्या रंगाची रेशमी साडी घेतली, काठ डाळिंबी. कामाच्या वेळी साधी नेसेन, मग बदलेन.

तुझ्या आईला पहिलं काय बोलू, याची तालीम करतेय. तीन वाक्यं तयार झालीत, तिन्ही वाईट.

दोरा तुझ्या केसांशी जुळवायचा आहे. विंचरताना येतील ते चार केस पाकिटात घालून लगेच पाठव.

मावशी


२७ फेब्रुवारी

मावशी,

हे पत्र मिळताच उत्तर दे. लगेच. आज पाचवा दिवस आहे आणि माझे केस सुटत नाहीत.

डाव्या बाजूचं टोक ओढलं, तर तू म्हणालीस तसं सर्रकन सुटलं. उजवी बाजू दगड झालीये. दोरा कुठला आणि केस कुठला, तेच कळत नाही. ओढणी कशीबशी कापून काढली, तिच्या काठाच्या दोन तारा तुटल्या, त्याचं आणखी ऐकून घेतलं. तेल लावलं, गरम पाणी घेतलं, नवऱ्यानं नखांच्या कात्रीनं बघितलं तर मीच किंचाळले. कानामागे जखम झालीये. पालथी झोपते. नव्या घरात सगळे दाराआडून बघतात. कुठला दोरा आधी कापायचा ते सांग. चित्र काढून पाठव.

तू रागावलीस का गं? सासूबाई अशा न विचारता खोलीत येतील, हे मला काय माहीत? त्यांनी तुझ्याकडे बघून विचारलं, ‘ह्या कोण?’ मी काय करणार होते? आईनं त्यांना पहिल्याच बैठकीत सांगून ठेवलं होतं की तिला बहीण नाही. आता आयत्या वेळी बहीण कुठून काढायची? एका वाक्याचा तर प्रश्न होता. तूही मान खाली घालून सुई चालवत राहिलीस, मला वाटलं तू समजून घेतलंस. ओढणी मात्र जराही हलली नाही, सगळे बघत राहिले.

नंतर तू दिसली नाहीस. आई म्हणाली, गुडघे दुखायला लागले म्हणून तूच गाडी मागवलीस. आता ती म्हणते केसानं गळा कापला. मी तिच्याशी भांडले. म्हटलं, मावशी असं करणार नाही, तिची काहीतरी चूक झाली असेल.

चूकच झालीये ना?

झिपरी


४ मार्च

सौ. वधूबाईंस,

पार्लरच्या बाईचा नमस्कार.

चूक नाही. माझ्या हातून टाक्याची चूक होत नाही.

तू पाठवलेल्या चार केसांवरून तीन दुकानं फिरून दोरा आणला होता. पावणेसातला डावी बाजू संपली. तुझी टाळू गरम लागत होती, तू लहानपणीसारखी डुलक्या घेत होतीस. मी तुला सांगत होते की अंबाडा आजीच्याच पद्धतीचा घालतेय. तेवढ्यात तुझ्या सासूबाई आल्या, त्यांनी विचारलं, आणि तू आरशातून माझ्याकडे बघत म्हणालीस, ‘पार्लरच्या बाई आहेत. हात चांगला आहे त्यांचा.’ अडखळली असतीस तरी मी माफ केलं असतं गं. तू जराही अडखळली नाहीस. वर हसलीस.

मग उजवी बाजू राहिली होती.

जिवंत माणसाचे टाके सुटायला हवेत, म्हणून टोक मोकळं ठेवतात. मेलेल्याचे सुटायला नको असतात. दोरा केसांतूनच उलटा गुंफून गाठ मारायची, आणि वर डिंकासारखं एक औषध लावायचं, ते तासाभरात वाळून कवडीसारखं होतं. माझ्या पिशवीत दोन्ही सामान असतं. उजवी बाजू मी तशी शिवली. एकोणीस टाके. तू विचारलंस, ‘हा कसला वास?’ मी म्हटलं, ‘पार्लरचा.’

एवढं करूनही मी न्हाणीघरात जाऊन करडी साडी नेसले. इतकी मी खुळी. म्हटलं, घाबरून बोलली असेल पोरगी, बाहेर खुर्ची तर ठेवलीये. दार उघडलं तर समोर तुझी आई. सात वर्षांनी. माझी तिन्ही वाक्यं ओठांवर आली. तिनं माझ्या हातात पाकीट ठेवलं आणि म्हणाली, ‘गाडी मागे उभी आहे. पाहुणे यायला लागलेत.’ माझ्या साडीकडे बघून म्हणाली, ‘एवढं नटायची काय गरज होती?’

जाताना मुद्दाम हॉलमधून गेले. पहिल्या रांगेत तुझ्या आईच्या शेजारी कुणाची तरी पर्स ठेवलेली होती. चिठ्ठी कुठल्याच खुर्चीवर नव्हती. मी सगळ्या खुर्च्या बघितल्या.

ते औषध वाळल्यावर पहिल्या दिवसात दुसऱ्या एका औषधानं विरघळतं. ती बाटलीही पिशवीत होती. गाडीत बसल्यावर पायाशी खुळखुळली. ड्रायव्हर म्हणाला, बाई, काही विसरलं का? मी म्हटलं, नाही, चला.

आता पाचव्या-दहाव्या दिवशी तिचा काही उपयोग नाही. कात्री लाव. उजव्या कानापासून मानेमागच्या खळग्यापर्यंत, मुळाशी. दुसरा उपाय नाही. कापताना डोकं हलवू नकोस.

वाईट वाटतं का, तर वाटतं. जेवण जात नाही. पण पुन्हा तीच सकाळ आली आणि तू तसंच हसलीस, तर मी तशीच शिवीन.

मावशी


१५ मार्च

मावशी,

केस कापले. एकच बाजू कापून कसं चालेल, म्हणून सगळेच कापले. कात्री सासूबाईंनी धरली. माझ्या मानेवर टॉवेल टाकला, खिडकीपाशी बसवलं आणि एकेक टाका बघत बघत कापलं. म्हणाल्या, ‘ज्या बाईनं हे केलं तिला माहीत होतं ती काय करतेय. कोण होती ती? मी तिच्या पार्लरमध्ये जाऊन बसते.’ नवरा तर पोलिसात जायचं म्हणत होता.

मग मी सांगितलं. माझी सख्खी मावशी आहे. मेलेल्यांचे केस करते. सांगताना मला वाटलं, आता तुझ्या नावानं खडे फोडतील, आणि खोटं कशाला सांगू, तेच हवं होतं मला.

त्यांनी कात्री खाली ठेवली. विचारलं, ‘मग त्या दिवशी ती जेवली का?’

मी म्हटलं नाही.

‘पाणी तरी?’

मला आठवेना.

मग म्हणाल्या, त्यांची आई गेली तेव्हा तिचं तोंड सुद्धा कुणी नीट पुसलं नव्हतं, असं काम करणारी बाई असती तर तिचे पाय धरले असते. आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘सख्ख्या मावशीला माझ्यासमोर पार्लरची बाई म्हणालीस. उद्या मला कुणासमोर काय म्हणशील?’ तेव्हापासून त्या माझ्याशी कामापुरतं बोलतात. नवराही त्यांचंच ऐकतो. कपाटाच्या किल्ल्या मला देणार होत्या, त्या धाकट्या जावेला दिल्या.

परवा त्यांनी तुझा पत्ता मागितला. तुला बोलवायचं म्हणतात. पुढच्या दारानं, सगळ्या घरादारासमोर, मानानं जेवायला वाढायचं म्हणतात, आणि आईलाही तुझ्या शेजारी बसवायचं म्हणतात. पत्र स्वतः लिहिणार होत्या, कागद घेऊन बसल्या होत्या.

तुझी सगळी पत्रं माझ्या पर्समध्ये होती, हाताशी. मी म्हटलं, पत्ता माझ्याकडे नाही.